पिरेड सुटेपर्यंत

आमच्या कंपनीच्या उगवण कक्षात मोबाईल नेत नाहीत. आत कायम दमट हवा, एकावर एक ट्रे आणि ओल्या कागदात गुंडाळलेले सोयाबीनचे, मक्याचे, कपाशीचे दाणे. शेतकऱ्याला पिशवी विकण्याआधी त्यातलं बी खरंच उगवतं का हे तिथे बघितलं जातं, आणि ते बघण्याची माझी नोकरी आहे. त्या दुपारी बाहेर येऊन फोन हातात घेतला तर रेखाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, बरेच मिस्ड कॉल होते. मी उलट फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम गेल्या." कोणत्या मॅडम, हे मी विचारलं नाही. मुलीच्या शाळेत पुष्कळ मॅडम आहेत, पण आमच्या घरात नुसतं 'मॅडम' म्हटलं की त्या एकच.

सुजाता मॅडम जालन्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक होत्या. तपासणीच्या आधी माणसाशी बोलायचं, तपासणीनंतर बोलायचं, आणि मधल्या वेळात त्याला सांभाळायचं, हे त्यांचं काम. झोपेतच हृदयविकाराने गेल्या. त्याला आता काही आठवडे झालेत. कोणीतरी त्यांच्याविषयी लिहायला हवं असं वाटत होतं, आणि हेही कळत होतं की ज्यांच्यासाठी त्यांनी सगळ्यांत जास्त केलं त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येणार नाही. त्यांना मॅडमची ओळख सांगायची म्हणजे स्वतःचीही सांगावी लागेल. मला सांगता येतं. रेखाला विचारलं, ती म्हणाली, खुशाल लिहा. आबांना, माझ्या वडिलांना, विचारलं तर म्हणाले, "लिही, पण ते पेढ्याचं नको लिहू." ते मात्र लिहावंच लागणार आहे.

आमचं गाव शहागडपासून जवळच. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, पुढे थोडी शेती. आबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. मी बी.एस्सी. झालो आणि जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागलो, तेव्हा आबांनी नेमणुकीचा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. नोकरीला वर्ष होत आलं तसं अंबडकडच्या रेखाशी माझं लग्न ठरलं. सुपारी फुटली, तारीख निघाली, मंडपवाल्याला सांगून झालं. त्या दिवसांतली गोष्ट. सुट्टीनंतर सकाळी मोटारसायकलवर गावाहून जालन्याला निघालो होतो. हायवेवर मोसंबीचा एक ट्रक आडवा झालेला. रस्ताभर मोसंबी. काही माणसं ड्रायव्हरला हाका मारत होती, काही मोसंबी गोळा करत होती. मी आणि एका टपरीवाल्याने मिळून समोरची काच काढली आणि ड्रायव्हरला बाहेर ओढलं. काचेने माझा तळहात चांगलाच फाटला. ड्रायव्हरच्या डोक्यातून रक्त वाहत होतं आणि त्याचं डोकं माझ्या त्याच हातावर होतं. मला तेव्हा काही जाणवलं नाही. जाणवलं ते त्याला.

"भाऊ, हात कापलाय तुमचा," तो म्हणाला. "माझं रक्त लागलं का त्याला?"

मी म्हटलं, लागू द्या, तुम्ही पडून राहा. तर त्याने माझं मनगट धरून बाजूला सारलं. "न्हाई भाऊ, मला एचआयव्ही हाय. गोळ्या बी सोडल्यात मधी. तुम्ही जल्दी दवाखान्यात जा. बिलकुल थांबू नका."

आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं उभी होती. त्याला गप्प राहता आलं असतं. वेदनेत असलेल्या त्या माणसाने सगळ्यांसमोर हे सांगितलं नसतं, तर मी हात धुऊन, पट्टी बांधून नोकरीवर गेलो असतो. मला ज्यांचे आभार मानायचेत अशी दोन माणसं आहेत, त्यातला पहिला हा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले आणि विचारपूस करून लगेच गोळ्यांचा पहिला डोस दिला. अशी वेळ आली तर या गोळ्या होतील तितक्या लवकर, फार तर तीन दिवसांच्या आत, सुरू कराव्या लागतात, आणि पुढे चार आठवडे रोज घ्याव्या लागतात, हे मला तेव्हाच कळलं. मग रक्त तपासायला मला मॅडमच्या खोलीत पाठवलं. छोटी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि मागे खिडकी. दुपारी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. माझ्या अंगातलं सगळं बळ एकदम परत आलं. मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "सुटलो, मॅडम."

त्यांनी मला पुन्हा बसायला सांगितलं. त्यांचं मराठी स्वच्छ, शिक्षिकेसारखं होतं, घाई नसायची. "हा रिपोर्ट बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण तो आज सकाळच्या अपघाताबद्दल काहीच सांगत नाही. अपघाताच्या आधी तुम्ही कसे होतात, तेवढंच सांगतो." मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. इथली तपासणी विषाणू शोधत नाही. शरीर त्या विषाणूविरुद्ध जी द्रव्यं तयार करतं, ती शोधते. लागण झाली तरी ती द्रव्यं लगेच दुसऱ्या दिवशी तयार होत नाहीत. कोणाला काही आठवडे लागतात, कोणाला तीन महिन्यांपर्यंत. या मधल्या काळात माणसाला लागण झालेली असू शकते, त्याच्याकडून दुसऱ्याला होऊ शकते, आणि रिपोर्ट मात्र निगेटिव्हच येतो. "याला विंडो पिरियड म्हणतात," त्या म्हणाल्या. मी नकळत त्यांच्या मागच्या खिडकीकडे बघितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला आजही आठवतं. दीड महिन्याने एकदा, तीन महिन्यांनी एकदा तपासायचं. मी गोळ्या घेणार होतो, त्यामुळे पक्क्या खात्रीसाठी सहा महिन्यांनी आणखी एकदा. तोवर रक्तदान करायचं नाही आणि…

'आणि'नंतर त्या थांबल्या. त्यांनी विचारलं, लग्न झालंय का? मी सांगितलं, पुढच्या महिन्यात आहे.

त्यांनी मला लग्न करा किंवा करू नका, यांतलं काहीच सांगितलं नाही. धोका फार मोठा नाही, गोळ्या वेळेवर सुरू झाल्यात, असं त्या म्हणाल्या. लग्न केलं तर सहा महिने कशी काळजी घ्यायची, निरोध कसा वापरायचा, तेही आडपडदा न ठेवता सांगितलं. पण खात्री आज मी देऊ शकत नाही आणि कोणीच देऊ शकत नाही, हेही सांगितलं. ठरवायचं तुम्ही. फक्त जिच्याशी लग्न होणार आहे तिला अंधारात ठेवून ठरवू नका, एवढंच म्हणाल्या.

घरी सांगणं सोपं नव्हतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, कागदावर काय आलंय? मी म्हटलं, निगेटिव्ह, पण अजून विंडो पिरियड आहे. "नौकरी लागली तरी तुझे पिरेड सुटले न्हाईत का?" आबा म्हणाले. त्यांना पिरेड म्हणजे शाळेचा तास, तेवढाच माहीत. आईला हसू आलं, मलाही आलं, आणि त्या हसण्यातच आबांनी विषय संपवला. कागदावर न्हाई म्हणून लिहून आलंय, मंग आता कशाची वाट बघून राह्यला, लग्नाचं घोंगडं भिजत ठेवून लोकांना बोलायला जागा देऊ नको, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः जालन्याला आले. स्टेशनजवळच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले आणि माझ्यासोबत थेट मॅडमच्या खोलीत गेले. पोराचा कागद चांगला आला म्हणून.

मॅडमनी पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आबांसमोर बोललं तर चालेल का, असं आधी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या आबांकडे वळल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं आणि मी घाबरलेल्या माणसासारखा उगवण कक्षातलं सगळं बारीकसारीक सांगत बसलो होतो. त्यांनी त्यातलं नेमकं उचललं.

"आबा, पेरणीच्या आधी घरचं बियाणं बघता का तुम्ही?"

"बघतो की. गोणपाटात गुंडाळून ठेवतो, पाणी मारून."

"मग दुसऱ्या दिवशी उघडलं तर काय दिसतं?"

"काय दिसनार? दाणा जरा फुगतो, बस."

"म्हणजे ते बी उगवणार नाही असं समजायचं?"

"असं कसं? त्याला टाइम द्यावा लागतो." आबा बोलून गेले आणि थांबले. त्यांना कळलं. पण आबा सहजी हार मानणारे नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "पन मॅडम, हितं तर मोड येऊ न्हाई असंच वाटतंय ना आपल्याला?"

तेव्हा मात्र मॅडम मोकळ्या हसल्या. "हो आबा, इथे उलटं आहे. मोड येऊ नये अशीच माझीही इच्छा आहे. पण नाही आला हे सांगायचं, तर तेवढेच दिवस थांबून सांगावं लागतं." मग पेढ्यांचा पुडा त्यांनी हलकेच आबांकडे सरकवला. "पेढा मी खाणार, नक्की खाणार. पण आज नाही." जाताना मला म्हणाल्या, "तुमचं बियाण्याचं उदाहरण मी इतरांना सांगितलं तर चालेल ना?" एका उदाहरणासाठीसुद्धा परवानगी मागणारं माणूस मी आधी बघितलं नव्हतं.

गावाकडे परतताना आम्ही एसटीने निघालो. शहागड जवळ आल्यावर आबा म्हणाले, "पोरीच्या बापाला आपण नको सांगू, पोरीला तू सांग." मी रेखाला तिच्या गावी जाऊन सांगितलं. तिची वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, आम्ही ओसरीवर. तिने सगळं ऐकलं, मधे एकदाही तोंड फिरवलं नाही. मी म्हणालो, तुमचं मन नसेल तर मोडा, मी कोणाला काही बोलणार नाही. ती म्हणाली, त्या ड्रायव्हरचं काय झालं? तिचा पहिला प्रश्न तो होता. मग मी विंडो पिरियड सांगितला, आबांचा पिरेडही सांगितला. ती खाली बघून हसली.

"मंग पिरेड सुटल्यावर या," ती म्हणाली. "मी कुठं चालले?"

लग्न पुढे गेलं. लोकांना सांगितलं की नवरदेवाच्या हाताचं ऑपरेशन आहे. टाक्यांची पट्टी होतीच, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. पण ते सहा महिने जड गेले. गोळ्यांनी मळमळायचं. कंपनीत रक्तदान शिबिर झालं तेव्हा कॉलेजपासून दरवर्षी रक्तदानाला पहिला उभा राहणारा मी, त्या दिवशी रजा टाकून घरी बसलो. दीड महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तीन महिन्यांचाही आला, तरी मन कुठे ठरायचं नाही. अशा वेळी मी दवाखान्यात जाऊन बसायचो. आबांच्या पिरेडची गोष्टही तेव्हाच मॅडमना सांगून झाली. मॅडम नवीन काही सांगायच्या नाहीत. तेच सांगायच्या, तितक्याच शांतपणे, जणू पहिल्यांदाच सांगतायत. एकदा तर मी चिडून म्हणालो, तुम्ही एकदा तरी म्हणा ना, काही होणार नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "मी आज तसं म्हटलं, तर शेवटच्या दिवशी मी जे म्हणेन त्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवाल?"

त्याच काळात त्या मला जुन्या जालन्यात दिसल्या. कापडाच्या दुकानातून बाहेर पडत होत्या, हातात पिशवी. मी समोरच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अनोळखी माणसाकडे बघावं तशी नजर पुढे नेली. मला फार लागलं. इतकं सगळं बोलणारी बाई रस्त्यात ओळखही देत नाही… कदाचित आपल्या रोगाची लाज वाटत असेल, असंही मनात आलं. पुढच्या भेटीत मी जरा घुश्शातच होतो, ते त्यांनी ओळखलं. "बाजारात मी कोणालाच आधी ओळख देत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या सोबत कोण असेल मला काय माहीत? त्याने विचारलं, या बाई कोण, तर तुम्ही काय सांगाल? म्हणून ओळख आधी तुम्ही द्यायची. तुम्ही दिली की मी देणार." त्यांच्या स्वतःच्या घरचे लोक म्हणायचे की आमची ताई रस्त्याने मान खाली घालून चालते, गर्विष्ठ वाटते. त्या ते ऐकून घ्यायच्या. कारण सांगायच्या नाहीत.

पुढच्या वेळी बाजारात दिसल्या तेव्हा मीच पुढे होऊन "जयभीम, मॅडम" म्हणालो. त्यांचा चेहरा असा काही उजळला की शेजारचा दुकानदारही बघत राहिला.

शेवटच्या रिपोर्टला आबा आले, रेखा आली. रेखाने बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून मनगट पदरात धरलेलं होतं. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पहिल्यांदा त्या कागदाबद्दल 'पण' न लावता बोलल्या, "निगेटिव्ह. आता हा रिपोर्ट त्या सकाळबद्दलही सांगतो." रेखा खिडकीकडे वळून रडली. आबांनी पिशवीतून पुडा काढला. मॅडमनी एक पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि आबांना म्हणाल्या, "आबा, सुटला बरं का पिरेड." महिन्याभरात आमचं लग्न झालं. मॅडम आल्या, पण वऱ्हाडात मागे बसल्या. मी बोहल्यावरून उतरून त्यांच्याकडे जाईपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

लग्नानंतर मी त्यांना एक छोटी स्टीलची वाटी आणि मूग नेऊन दिले. उदाहरण तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, अशी माझी कल्पना. मुगाला मोड लवकर येतो, कोणालाही दिसतो. त्यांनी ती वाटी खिडकीत ठेवली, ओल्या फडक्यात मूग बांधून. कोणी घाबरून दुसऱ्याच दिवशी तपासायला आला आणि निगेटिव्ह बघून उठायला लागला की त्या फडकं उघडून आदल्या दिवशी भिजवलेले दाणे दाखवायच्या. कोणी महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा येऊन तपासायचं थांबतच नसे. त्यालाही तीच वाटी दाखवायच्या. ठरलेले दिवस थांबून बघितलं, नाही आला मोड, आता विश्वास ठेवा आणि घरी जा. आता नव्या तपासण्या आल्यात, त्यांना कमी दिवस लागतात, पण पहिल्याच दिवशी सांगणारी तपासणी अजून आलेली नाही, हेही त्या मला मधून मधून सांगायच्या. दर काही महिन्यांनी मी मुगाची पुडी नेऊन द्यायचो. तेवढ्या निमित्ताने चहा व्हायचा. आमची मुलगी झाली तेव्हा त्या बघायला आल्या, आणि जाताना आबांना म्हणाल्या, बघा, हा मोड चांगला आला. आबा अजून ते सगळ्यांना सांगतात.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी, रेखा आणि आबा असे तिघं गेलो. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्रिसरण-पंचशील झालं. घरचे, नात्यातले पुढे बसलेले. आणि मागे, भिंतीच्या कडेने, खूप माणसं उभी होती. शेतकरी, एक वकील वाटणारा, हातात हेल्मेट घेतलेली तरुण मुलं, एक म्हातारी. मॅडमच्या भावाने आदराने एकेकाला विचारलं, आपण कुठले, ताईची ओळख कशी? प्रत्येकजण तेच म्हणाला, "असंच, ओळख होती." भाऊ गोंधळला. इतकी माणसं, आणि सगळ्यांची ओळख 'असंच'. भिंतीजवळ डोक्यावर जुना व्रण असलेला एक माणूस होता. मी त्याला ओळखलं. मोसंबीच्या ट्रकचा ड्रायव्हर. तब्येतीने भरलेला, ठणठणीत. म्हणजे गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि त्या कोणी सुरू करायला लावल्या हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मॅडमनी मात्र इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल एक शब्द मला सांगितला नव्हता, आणि मी विचारूनही नाही. मला धावत जाऊन त्याला मिठी मारावीशी वाटली. सोबत त्याची बायको होती, एक मुलगा होता. मी जागेवरच उभा राहिलो.

गेल्या आठवड्यात मी मुगाची पुडी घेऊन दवाखान्यात गेलो. सवयीने घेतली होती, वाटेत लक्षात आलं, पण परत फिरावंसं वाटलं नाही. मॅडमच्या जागी तात्पुरत्या एक ताई येतात, तरुण आहेत. त्यांना मी वाटीबद्दल विचारलं. वाटी खिडकीतच होती, फडकं वाळून कडक झालेलं, आत जुने मोड सुकून दोऱ्यासारखे. ही कशाला ठेवलीय मला कळेना, पण फेकावीशी वाटली नाही, असं त्या म्हणाल्या. मी फडकं धुतलं, नवे मूग बांधले, आणि मॅडमनी आबांना सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, उद्या उघडून बघते. मी म्हटलं, बघा, उद्या दाणा नुसता फुगलेला दिसेल, तेच तर दाखवायचं असतं.

बाहेर आलो तर औषधांच्या रांगेतल्या बाकावर तो बसला होता, डोक्यावर व्रण असलेला. शेजारी कोणी ओळखीचं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी पावलं हळू केली आणि नजर सरळ पुढे ठेवली, मॅडम ठेवायच्या तशी. दोन-तीन पावलं पुढे गेलो असेन… "भाऊ," मागून हाक आली, "हात कसा हाय?"

तेव्हा मी वळलो, आणि त्याला ओळख दिली.